टोकियो मोटर शोमधली कुठली गाडी रस्त्यावर उतरली?

टोकियो मोटर शोचा विषय निघाला की १९९१ चा आकडा हमखास पुढे येतो. त्या वर्षी २०,१८,५०० लोक आले आणि तो विक्रम आजवर मोडलेला नाही. पण मोटर शोची थोरवी मोजायला मला गर्दीपेक्षा दुसरं माप जास्त पटतं. मंचावर जी गाडी दाखवली, ती पुढे किती वर्षांनी लोकांच्या दारात उभी राहिली, आणि मधल्या काळात तिच्यात काय काय बदलावं लागलं, हे बघायचं. या मापाने बघितलं तर १९९१ चा शो मागे पडतो आणि पाच लाख माणसं कमी आलेला १९९५ चा शो कितीतरी पुढे जातो. त्याकडे येतोच, पण सुरुवात बागेतून करू.

पहिला शो २० ते २९ एप्रिल १९५४ या दहा दिवसांत टोकियोच्या हिबिया बागेत भरला. नाव होतं ‘अखिल जपान मोटर शो’. हिबिया म्हणजे राजवाड्याला लागून असलेली, १९०३ साली लोकांना खुली झालेली साधारण चाळीस एकरांची बाग. प्रदर्शक २५४ आणि वाहनं २६७. या २६७ मध्ये मोटारगाड्या होत्या फक्त १७! बाकी सगळे ट्रक, बस, मोटारसायकली आणि तीनचाकी मालगाड्या. तरीही ५,४७,००० लोक आले.

या तीनचाकी मालगाड्यांचं रूप डोळ्यांपुढे आणायला मराठी वाचकाला अवघड जाऊ नये. आपल्याकडे ‘टेम्पो’ हा शब्द ज्या हॅन्सिएट तीनचाकीमुळे घरोघरी पोचला, त्याच कुळातली ही वाहनं: पुढे एक चाक, मागे दोन चाकांवर हौदा. जपानमध्ये माझ्दा आणि दायहात्सु या दोन कंपन्यांचा त्यावर मोठा जोर होता. दुकानदाराला, कारखानदाराला माल वाहायला वाहन हवं होतं आणि त्यासाठी तो पैसे मोजू शकत होता. घरच्यांना फिरवायला गाडी घेण्याइतकी सामान्य पगारदाराची ऐपत नव्हती. त्यामुळे शोच्या मांडणीत कसलीच दिशाभूल नव्हती. देशाला जे परवडत होतं, तेच बागेत उभं होतं.

त्या मोजक्या मोटारगाड्यांमध्येही काही परदेशी आराखड्यांवर बांधलेल्या होत्या. निस्सान ऑस्टिन ए-४० बांधत होती, इसुझू हिलमन मिंक्स आणि हिनो रेनॉ ४सीव्ही. आधी सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि जपानमध्ये फक्त जोडणी व्हायची. मग एकेक भाग देशातच बनवायला घ्यायचा, असं करत करत थोड्या वर्षांत जवळजवळ सगळी गाडी देशी. त्याच सुमारास कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाटची जोडणी याच पद्धतीने चालू होती. फरक पुढे पडला. जपानी कंपन्यांनी बांधता बांधता शिकून घेतलं, पुढचं मॉडेल स्वतःच्या आराखड्यावर काढलं आणि ते दाखवायला त्यांच्या हाताशी दरवर्षीचा शो होता. शेजारच्या मंचावर प्रतिस्पर्ध्याची नवी गाडी दिसणार हे ठाऊक असलं की जुनाच माल रंग बदलून मांडायची सोय राहत नाही.

हिबियात चार शो झाले. पुढे भुयारी रेल्वेचं आणि बागेखालच्या वाहनतळाचं काम निघालं, म्हणून १९५८ चा शो कोराकुएनच्या सायकल शर्यतीच्या मैदानावर हलवावा लागला. तिथे तो एकदाच भरला. १९५९ पासून हारुमी बंदराजवळ मोठी जागा मिळाली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं शो तिथेच राहिला.

कोराकुएनचा शो एकदाच झाला असला तरी विसरण्यासारखा नाही, कारण त्यात सुबारू ३६० होती. १९५५ साली जपानमध्ये छोट्या ‘केई’ वर्गातल्या गाडीसाठी इंजिनाची मर्यादा ३६० सीसी ठरली. लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर. एवढ्या मापात चार मोठी माणसं बसवायची, तर इंजिन पुढे ठेवून लांब दांडा मागे नेणं परवडत नाही, कारण त्या दांड्याचा बोगदा पायांची जागा खातो. म्हणून इंजिन मागे आणि तेही हवेने थंड होणारं, म्हणजे रेडिएटर, पाणी, होज पाइप सगळं वगळलं. ३५६ सीसी, दोन स्ट्रोक, १६ अश्वशक्ती. वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेणार. कंपनीचा वारसा विमानं बनवणाऱ्या नाकाजिमाचा, त्यामुळे पातळ पत्र्याला वळण देऊन ताठ करायची विद्या घरातलीच. छप्पर फायबरचं. गाडीचं एकूण वजन ३८५ किलो आणि किंमत ४,२५,००० येन. शोमध्ये बघितलेली ही गाडी माणसाला त्याच वर्षी विकत घेता येत होती, हे महत्त्वाचं.

साठच्या दशकात शो फुगत गेला. १९६२ ला पहिल्यांदा दहा लाखांचा टप्पा ओलांडला (१०,४९,१००). त्याच शोमध्ये मोटारसायकली बनवणाऱ्या होंडाने दोन छोट्या स्पोर्ट्स गाड्या मांडल्या, एस३६० आणि एस५००. होंडाला घाई का होती, हे समजून घेतल्याशिवाय त्या गाड्या समजत नाहीत. सरकारी उद्योग खात्याच्या मनात मोटार कंपन्यांची संख्या मर्यादित ठेवायची होती. तसा कायदा आला तर नव्या कंपनीला दार बंद. कायदा यायच्या आत ‘आम्ही गाड्या बनवतो’ हे दाखवून द्यायचं होतं. तो कायदा शेवटी संमत झालाच नाही, पण त्याच्या भीतीने जेवढं काम करून घेतलं, तेवढं एखाद्या अनुदानानेही झालं नसतं.

होंडाच्या या छोट्या गाडीच्या लाल रंगाची हकिकत सांगायलाच हवी. त्या वेळी जपानमध्ये खासगी गाडीला लाल रंग चालत नसे. तो अग्निशमनच्या बंबाचा, पांढरा पोलिसांचा. कंपनीचे संस्थापक सोइचिरो होंडा यांनी वर्तमानपत्रात जाहीरपणे या नियमाला हरकत घेतली, कंपनीची माणसं परिवहन खात्यात खेटे घालत राहिली आणि शेवटी लाल रंगाला परवानगी मिळवली. आज जपानी रस्त्यावर दिसणारी प्रत्येक लाल गाडी त्या खेट्यांची देणेकरी आहे.

पण मंच आणि रस्ता यातला फरकही याच गाडीत दिसतो. एस३६० विक्रीला आलीच नाही. १९६३ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या एस५०० चं इंजिन ५३१ सीसीचं झालं होतं आणि ते मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर ४४ अश्वशक्ती द्यायचं. मागच्या चाकांना ताकद पोचायची चेनने, मोटारसायकलसारखी. दोन चाकांना दोन चेन, प्रत्येक चेन तेल भरलेल्या ॲल्युमिनियमच्या बंद पेटीत आणि तीच पेटी चाक धरणारा हात म्हणूनही काम करायची. जागा वाचते, डिक्की मोठी होते. अडचण अशी की चेन ताणली जाते, ती वेळोवेळी घट्ट करावी लागते. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की चेनच्या ओढीने गाडीचा पार्श्वभाग वर उचलला जातो. एस८०० मॉडेल चालू असतानाच होंडाने चेन काढून सरळ ॲक्सल बसवला.

कंपन्या कमी करायच्या या सरकारी बेतात दुसऱ्या कंपनीत विलीन व्हावं लागेल, अशी धास्ती हिरोशिमाच्या तोयो कोग्योला, म्हणजे आजच्या माझ्दाला होती. ‘आमच्याकडे असं काही आहे जे दुसऱ्या कुणाकडे नाही’ हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी जर्मनीच्या एनएसयू कंपनीकडून रोटरी इंजिनाचा परवाना घेतला. १९६३ च्या शोमध्ये त्यांनी मंचावर फक्त इंजिन ठेवलं. कंपनीचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा मात्र कॉस्मो या रोटरी इंजिनाच्या गाडीचा नमुना स्वतः चालवत हिरोशिमाहून टोकियोला आले. गाडी प्रत्यक्ष मंचावर आली १९६४ च्या शोमध्ये. त्या वर्षीपासून ‘टोकियो मोटर शो’ हे नाव रूढ झालं. शो ९ ऑक्टोबरला संपला आणि १० तारखेला टोकियो ऑलिंपिकचं उद्घाटन झालं.

गाडी विक्रीला आली ३० मे १९६७ ला. इंजिन दाखवल्यापासून साडेतीन वर्षं कुठे गेली? सगळी एका पट्टीत गेली. रोटरी इंजिनात पिस्टन नसतो. भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकाराच्या पोकळीत तीन कोनांचा रोटर फिरतो. त्याच्या प्रत्येक टोकाला एक सील, म्हणजे ती पट्टी, असतं आणि ते पोकळीच्या भिंतीला सतत चिकटून घसरत राहिलं पाहिजे. जरा सुटलं की एका कप्प्यातला दाब दुसऱ्यात. नमुन्याच्या इंजिनांत काही तासांच्या चाचणीनंतर भिंतीवरच्या क्रोमच्या थरावर आडव्या लाटा उमटायच्या, नखांनी ओरबाडल्यासारख्या. इंजिनिअर त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. आधी वाटलं पट्टी मऊ आहे, म्हणून निरनिराळे कठीण धातू वापरून बघितले. उपयोग झाला नाही, कारण दोष कठीणपणात नव्हता. पट्टी भिंतीवरून घसरताना स्वतःच्या नैसर्गिक लयीत थरथरत होती, जशी ओल्या काचेवर बोट ओढलं की थरथरतं. पट्टीला आडवी-उभी भोकं पाडून तिची लय बदलली तेव्हा ओरखडे थांबले. म्हणजे रोग कळला. पण अशी भोकांची पट्टी कारखान्यात हजारोंनी बनवणं कठीण, म्हणून उत्पादनासाठी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेली पट्टी तयार केली. ती हलकी, स्वतःच वंगण देणारी आणि न थरथरणारी. केनइची यामामोतो यांच्या हाताखालच्या ४७ जणांच्या तुकडीने हे काम तडीस नेलं. कॉस्मोच्या इंजिनात ४९१ सीसीचे दोन रोटर आणि ११० अश्वशक्ती. पुढे १९७२ पर्यंत या गाड्या एकूण ११७६ बनल्या. संख्या किरकोळ, पण कंपनी स्वतंत्र राहिली.

१९६५ च्या शोमध्ये टोयोटा २०००जीटी होती. यामाहाबरोबर केलेली, सहा सिलिंडरची, फारच देखणी. तिचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं, त्यामुळे इथे इतकंच की ती एकूण ३३७ बनली. त्यापेक्षा पुढच्या वर्षीची कोरोला जास्त महत्त्वाची. १९६६ च्या एप्रिलमध्ये निस्सानने १००० सीसीची सनी आणली होती. टोयोटाने कोरोलाचं इंजिन ऐनवेळी १०० सीसीने वाढवून ११०० केलं आणि जाहिरातीत त्याच शंभर सीसीचा डंका पिटला. शो २६ ऑक्टोबरला उघडला, कोरोला ५ नोव्हेंबरला विक्रीला, म्हणजे शो चालू असतानाच. १५,०२,३०० लोक आले. हिबियात १७ मोटारगाड्या होत्या, त्याला बारा वर्षं झाली होती आणि आता बघायला आलेला पगारदार हप्ते किती पडतील ते विचारत होता.

आयातीवरचे निर्बंध १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये उठले होते. परदेशी कंपन्या मोठ्या संख्येने शोमध्ये आल्या त्या १९७० पासून, आणि तिथून हा शो खऱ्या अर्थाने आंतरराष्ट्रीय म्हणता येतो. मग १९७३. विसावा शो ३० ऑक्टोबरला उघडला तेव्हा तेलाचं संकट येऊन दोनच आठवडे झाले होते. १९७४ चा शो रद्द झाला आणि १९७५ पासून तो दर दोन वर्षांनी भरू लागला. रद्द होण्याचं दुःख झालं असेल, पण दोन वर्षांचं अंतर बरं ठरलं असं माझं मत आहे. संपूर्ण नवी गाडी काढायला चार वर्षं सहज लागत. दरवर्षी शो असला की मधल्या वर्षी ग्रिल आणि दिवे बदलून वेळ मारून न्यावी लागते.

सत्तरच्या उत्तरार्धात आणि ऐंशीच्या सुरुवातीला गर्दी दहा-बारा लाखांवर स्थिर होती. त्या काळातल्या शोंबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. टर्बो, डिजिटल काटे, चारचाकी स्टिअरिंग हे सगळं मंचावर आलं आणि बऱ्यापैकी लवकर रस्त्यावरही आलं. अपवाद निस्सानच्या बी-१ चा. १९८५ च्या शोमध्ये आपल्याच ‘मार्च’ या साध्या गाडीच्या सांगाड्यावर बसवलेली गोलमटोल गाडी त्यांनी ठेवली. गाडी १९८७ ला आली ती फक्त १०,००० आणि मागणी त्याहून खूप जास्त. मग पाओ (१९८७ चा शो) आणि फिगारो (१९८९ चा शो). फिगारो २०,००० बनल्या आणि घेणाऱ्यांची नावं सोडतीने काढावी लागली. जुन्या सांगाड्यावर नवा पेहराव चढवून मंचावरची गाडी दोनेक वर्षांत जशीच्या तशी विकता येते, हे या तिघींनी दाखवून दिलं.

१९८९ ला शो टोकियो सोडून शेजारच्या चिबा प्रांतात, माकुहारी मेस्से या नव्या कोऱ्या प्रदर्शन केंद्रात गेला. वास्तुकार फुमिहिको माकी. हॉल एकमेकांना जोडलेले, वर प्रचंड छप्पर, खांबांचा अडथळा कमी. १९,२४,२०० लोक आले आणि दोन वर्षांनी तो वीस लाखांचा विक्रम. पैशाचा पूर होता आणि तो मंचावर दिसत होता. टोयोटा ४५००जीटी आणि इसुझू ४२००आर या दोन्ही १९८९ च्या. दोन्ही देखण्या. दोन्हींपैकी एकही विक्रीला आली नाही. त्याच शोमध्ये कोपऱ्यात टोयोटाची छोटी रॅव्ह-फोर होती. तिचं १९९४ ला आरएव्ही४ झालं आणि शहरी एसयूव्ही नावाचा सगळा वर्ग तिच्यामागून आला.

आता १९९५. एकतिसावा शो, १५,२३,३०० लोक, मंदीचं सावट. टोयोटाच्या मंचावर एक ठेंगणी चारदरवाजी गाडी, नाव प्रियस. लिटरला ३० किलोमीटर जाईल असा दावा. इंजिन थेट इंजेक्शनचं, गिअरबॉक्स सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, पट्ट्यावर चालणारा) आणि ब्रेकमधून मिळणारी वीज साठवायला कपॅसिटर. आता विक्रीला आलेली प्रियस बघा: इंजिन वेगळं, सीव्हीटी गेला, कपॅसिटरही गेला. राहिलं काय, तर नाव आणि उद्दिष्ट.

कपॅसिटर वीज झटकन घेतो आणि झटकन देतो, पण साठा अगदी थोडा. सिग्नलवरून निघताना काही सेकंद मदत होते, बस. इंधन निम्म्यावर आणायचं तर गाडी वेळप्रसंगी निव्वळ विजेवर चालली पाहिजे. म्हणून निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी, २४० सेल, २८८ व्होल्ट. गिअरबॉक्सच्या जागी एक ग्रहचक्र. मधल्या छोट्या दंतचक्राला जनरेटर जोडलेला, त्याच्याभोवती फिरणाऱ्या चक्रांच्या चौकटीला इंजिन, बाहेरच्या कड्याला मोटर आणि चाकं. इंजिनाची ताकद तिथेच दोन वाटांनी फुटते. काही थेट चाकांना, काही जनरेटरमधून वीज होऊन मोटरकडे. जनरेटरचा वेग कमी-जास्त केला की इंजिन आणि चाकं यांचं प्रमाण बदलतं. क्लच नाही, बदलायचे गिअर नाहीत, घासून झिजणारा पट्टा नाही.

कागदावर हे जमलं, गाडीत जमेना. १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये मंचावरची प्रियस लोकांनी बघितली आणि त्याच सुमारास कारखान्यात बांधलेला खरा हायब्रिड नमुना ४९ दिवस जागचा हलला नाही. हलला तेव्हा काहीशे मीटर जाऊन थांबला. पुढे बॅटरीने छळलं. उन्हात तापली की बंद, थंडीत गारठली की बंद. वीज नियंत्रित करणारे ट्रांझिस्टर चाचणीत जळायचे. उपाय एका फटक्यात सापडला नाही. बॅटरी मागच्या सीटपाठी ठेवून तिला प्रवाशांच्या केबिनमधली हवा दिली, म्हणजे माणसाला जे तापमान सोसतं तेच तिला. आणि तिला कधी पूर्ण भरू द्यायचं नाही, कधी पूर्ण रिकामी होऊ द्यायचं नाही, मधल्या पट्ट्यातच खेळवायची. त्याने तिचं आयुष्य वाढलं. ताकेशी उचियामादा या प्रकल्पाचे प्रमुख. वरून मुदत वाढवून मिळायच्या ऐवजी टोयोटाचे तेव्हाचे अध्यक्ष हिरोशी ओकुदा यांनी ती एक वर्ष अलीकडे ओढली. १० डिसेंबर १९९७ ला प्रियस विक्रीला आली, २१,५०,००० येनला, चाचणीतलं मायलेज २८. दावा ३० चा होता. दोन किलोमीटर कमी, पण शब्द पाळला. हवामान बदलावरचा क्योटो करार दुसऱ्याच दिवशी झाला.

अशी गाडी मंचावर बघताना ती खरी होणार की नाही, हे ओळखायच्या काही खुणा आहेत. पहिली नजर वायपरवर आणि नंबर प्लेटच्या खाचेवर टाकावी. दिखाऊ गाडीत दोन्ही विसरलेले असतात. बनवायचीच असेल, तर प्लेटसाठी बंपरमध्ये सपाट जागा आणि तिच्यावर दिवा असतो. मग पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब. तो काढून टाकून दारं कपाटासारखी उघडत असतील, तर तशीच गाडी विक्रीला येण्याची आशा कमी, कारण बाजूने धडक बसली की तोच खांब माणसाला वाचवतो आणि सीटबेल्टचं वरचं टोकही त्यालाच असतं. बॉनेट फार खाली असेल तरी शंका घ्यावी. पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर खाली इंजिनापर्यंत दबायला जागा लागते. टायर आणि कमान यांच्यात बोटही जात नसेल, तर तिथे सस्पेन्शनला हलायला जागाच ठेवलेली नाही. काचा काळ्या आणि दारं बंद असतील, तर आत बहुधा काहीच नाही. २००९ च्या शोमधली टोयोटा एफटी-८६ या कसोट्यांना बरीचशी उतरत होती आणि २०११ च्या शोमध्ये ती ‘८६’ होऊन आली. २०१५ ची माझ्दा आरएक्स-व्हिजन मन हरखून टाकणारी होती. ती आलेली नाही.

मंचावरच्या बऱ्याच कन्सेप्ट गाड्या ताशी पाच-दहा किलोमीटरच्या वर जातही नाहीत. मातीचा पूर्ण आकाराचा नमुना घडवायचा, तो स्कॅन करून साचे काढायचे, साच्यातून फायबर किंवा कार्बनची बॉडी, काचांच्या जागी ॲक्रिलिक, खाली छोटी विजेची मोटर. खरी गाडी असली तरी हॉलमध्ये आगीच्या भीतीने टाकीत पेट्रोल नावापुरतं ठेवतात. दिवसभर लोक दारं उघडतात, आतले दिवे आणि पडदे चालू राहतात आणि १२ व्होल्टची बॅटरी दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून जमिनीतल्या खाचेतून गाडीला बाहेरची वीज जोडलेली असते. चाकाच्या मधलं बोधचिन्ह सरळ उभं दिसेल अशी गाडी पुढेमागे करून लावायची, हे सकाळचं शेवटचं काम.

पुढचा उतार वेगाने झाला. १९९९ पासून प्रवासी गाड्यांचा आणि व्यापारी वाहनांचा शो वेगळा केला. व्यापारी वाहनांच्या शोला गर्दी अडीच लाखांच्या आतच. हिबियात ट्रक बघायला साडेपाच लाख आले होते, हे आठवलं की वाईट वाटतं. २००७ ला दोन्ही पुन्हा एकत्र आले, आणि २००१ ला कन्सेप्ट व २००५ ला प्रोटो म्हणून दाखवलेली निस्सान जीटी-आर अखेर विक्रीची गाडी म्हणून उभी राहिली. १४,२५,८०० लोक आले. दोनच वर्षांनी, जागतिक मंदीत, ६,१४,४००! परदेशातून अल्पिना, केटरहॅम आणि लोटस अशी छोटी नावं तेवढी उरली. मोठ्या कंपन्यांचा हिशोब सरळ होता. जपानी माणूस परदेशी गाडी फारशी घेत नाही आणि त्याच २००९ साली चीनचा बाजार अमेरिकेला मागे टाकून जगात पहिला झाला. शांघायचा शो १९८५ पासून आणि बीजिंगचा १९९० पासून चालू होताच. पैसा तिकडे गेला.

२०११ ला शो टोकियोत परत आला, बिग साइट या प्रदर्शन केंद्रात. २०१७ ला प्रेक्षकांचा आकडा ७,७१,२०० पर्यंत घसरला. २०१९ ला ऑलिंपिकच्या तयारीसाठी बिग साइटचे पूर्वेकडचे हॉल मिळाले नाहीत, म्हणून शो दोन ठिकाणी विभागावा लागला आणि मधला सुमारे दीड किलोमीटरचा रस्ताच प्रदर्शन केला. शालेय मुलांना मोफत प्रवेश दिला. १३,००,९०० लोक आले. जागेच्या अडचणीतून निघालेला तोडगा शोला तारून गेला. २०२१ चा शो महामारीने रद्द झाला आणि २०२३ ला नावच बदललं: जपान मोबिलिटी शो. ४७५ सहभागी, ११,१२,००० प्रेक्षक. नावातून ‘टोकियो’ आणि ‘मोटर’ दोन्ही जाणं मला रुचलेलं नाही, पण त्या शोमध्ये सुझुकीची ईव्हीएक्स ही विजेवरची कन्सेप्ट गाडी होती. ती त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत आधी दाखवून झाली होती आणि आज ई-विटारा या नावाने गुजरातच्या हंसलपूरमध्ये बनते. आधी दिल्ली, मग टोकियो, असा क्रम जपानी कंपनीच्या गाडीला पूर्वी क्वचितच मिळाला असेल.

बीवायडी ही चिनी कंपनी २०२३ ला पहिल्यांदा या शोमध्ये आली. २०२५ च्या शोमध्ये तिच्या मंचावर राक्को नावाची सरकत्या दारांची विजेवरची गाडी उभी होती. आकार केई वर्गाच्या आजच्या मापातला: लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत. सुबारू ३६० ज्या वर्गासाठी बेतली गेली, तोच हा वर्ग, आणि त्यासाठी मुद्दाम गाडी काढणारी बीवायडी ही पहिली चिनी कंपनी. विक्री २०२६ मध्ये जपानमध्येच करायची, असं कंपनीने मंचावरूनच सांगितलं.